पुस्तकातला नाठाळ, पडद्यावरचा गुणी : तुमचे अनुभव लिहा

पुस्तक चांगलं की सिनेमा, या वादासाठी हा धागा नाही. तो वाद घालून सगळ्यांचे घसे बसले आहेत. मला हवंय ते जरा वेगळं. पुस्तकात तुम्हाला एक माणूस भेटला. खोटारडा, हात उचलणारा, पोटच्या पोरांकडे न बघणारा, कसाही. तरी तो मनात घर करून बसला. मग तो पडद्यावर आला आणि बघता तर काय, कुणीतरी त्याला आंघोळ घालून, भांग पाडून आणलेलं. अशा वेळी तुम्हाला काय वाटलं? चीड आली, बरं वाटलं, की लक्षातच आलं नाही?

एक विनंती. 'सिनेमात पाणी घातलंय' एवढ्यावर सोडू नका. कुठला प्रसंग गाळला, कुणाला नव्याने आणून बसवलं, कुणाचं पाप कुणाच्या माथी मारलं, ते नेमकं लिहा. शेवट फुटणार, त्याला इलाज नाही. ज्यांना नको असतील त्यांनी इथूनच परत फिरावं.

सुरुवात माझ्यापासून. 'गाइड'.

सिनेमा (१९६५) मी आधी पाहिला होता, आणि आर. के. नारायण यांची १९५८ची कादंबरी फार उशिरा हाती घेतली. सिनेमातला वाटाड्या राजू मला तोंडपाठ होता. नवरा गुहेत दुसऱ्या बाईबरोबर असल्याचं रोझी स्वतःच्या डोळ्यांनी बघते, तिथून तिचा धागा तुटतो आणि राजू तिला आधार देतो. तोवर आपण प्रेक्षक कधीच राजूच्या बाजूला जाऊन उभे राहिलेले असतो. कादंबरी वाचताना मी त्या प्रसंगाची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही. कादंबरीतला तिचा नवरा मार्को कोरडा ठणठणीत आहे, बायकोच्या नाचाची त्याला काडीची किंमत नाही, दिवसभर गुहेतल्या भिंतींवरची चित्रं उतरवण्यात तो बुडालेला. पण बाहेरख्याली? अजिबात नाही. डाव टाकतो तो राजू. ज्याचा वाटाड्या म्हणून पैसे घेतो, त्याच्याच बायकोवर.

आणि पुढे मार्कोचा ग्रंथ छापून येतो. त्यात मालगुडी रेल्वे स्टेशनच्या राजूचे आभार मानलेले असतात! ज्याची बायको आपल्या घरात आहे, तो माणूस आपलं ऋण छापील अक्षरांत मान्य करतो. राजू काय करतो? ते पुस्तक रोझीच्या नजरेला पडू नये म्हणून दडवून ठेवतो. इथे मी वाचणं थांबवून जरा वेळ नुसता बसलो. सिनेमातल्या राजूचा मला कधीच राग आला नव्हता. याचा आला. आणि गंमत म्हणजे विश्वासही याच्यावरच जास्त बसला. शेवटी साधू समजून लोक ज्याच्या पाया पडतात तो आधी इतका बनेल असल्याशिवाय पावसासाठी केलेल्या त्याच्या उपासाला वजन येत नाही. कादंबरीत पाऊस पडला की नाही, हे लेखक सांगतच नाही. दूर डोंगरात पाऊस आल्याचं राजूला जाणवतं आणि तो कोसळतो, बस्स. सिनेमात धो धो पडतो. ज्याच्यासाठी आभाळ फाटणार त्याची वही आधी कोरी करून ठेवायला लागली असावी. नारायणना हे रूपांतर रुचलं नव्हतं, त्यांनी त्यावर एक तिरकस लेखही लिहिला. मला सिनेमा अजूनही आवडतो, फक्त आता मी दोन राजू ओळखतो.

आता तुम्ही लिहा.

* * *

'देवदास'. झुरणारा, हळवा, हातात ग्लास असलेला देवदास सगळ्यांच्या ओळखीचा. शरच्चंद्रांची १९१७ची कादंबरी मी अनुवादातून वाचली ती नोकरी लागल्यानंतर. नोकरी म्हणजे घरात मार खाणाऱ्या बायकांचे फोन घ्यायचे. त्यामुळे असेल, ती प्रेमकथा म्हणून मला वाचताच आली नाही.

देवदास पारूला लहानपणापासून मारतो. चेष्टेत चापट नव्हे, चांगला मारतो. आणि मारलं कुणी असं घरच्यांनी विचारल्यावर ती एवढीशी पोर सांगते, पंडितजींनी. मास्तरांचं नाव घेते, त्याचं घेत नाही! फोनवर हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत असते. दार लागलं. जिन्यात पाय घसरला. बाळाचं खेळणं लागलं. मारणाऱ्याला वाचवायला ती बाई किती झटकन कारण शोधते, हे शरच्चंद्रांना तेव्हा ठाऊक होतं. त्यांनी ते एका लहान मुलीच्या तोंडी घातलं आणि वर काही भाष्य न करता पुढे गेले.

मोठेपणी तिचं लग्न ठरल्यावर तो मासे पकडायच्या काठीने तिच्या कपाळावर वार करतो. रक्त येतं, व्रण राहतो. २००२च्या सिनेमात काठीच्या जागी हार आला. दागिना! जखमेचीसुद्धा शोभा करून टाकली. मैत्रीण म्हणाली, "अगं, जुन्या काळातलं आहे, त्याला आपले नियम कशाला लावतेस?" म्हटलं बाई गं, जुन्या पुस्तकात तर काठीच आहे. हार नव्यांनी आणला.

* * *

माझं दुखणं हलकंफुलकं आहे, पण आहे.

'फाइव्ह पॉइंट समवन' हे पुस्तक मला होस्टेलवर मिळालं तेव्हा माझे स्वतःचे गुण काठाकाठाने चालले होते. त्या पुस्तकात तिघंही ढेपाळलेले आहेत. तिसरा त्यातल्या त्यात बेरकी, डोकं तिरकं चालणारा, पण मार्कांच्या बाबतीत तोही आमच्याच पंगतीतला. असं पुस्तक आधी कुणी लिहिलं नव्हतं असं नाही, पण मला तेच मिळालं.

मग २००९ साली 'थ्री इडियट्स' आला आणि आमचा माणूस पहिला नंबर काढायला लागला! रँचो वर्गात झोपतो, मास्तरांना उलट बोलतो आणि वर दरवर्षी पहिला. म्हणजे शिकवण काय, तर पुस्तकी घोकू नका, तरी पहिले येता येतं. अरे, पण ज्याला येताच येत नाही त्याने काय करायचं?

पेपरचोरी दोन्हीकडे आहे, पण बघा ती कशी फिरवली. पुस्तकात पोरं स्वतःचे मार्क वाढावेत म्हणून सरांच्या खोलीत शिरतात. शुद्ध स्वार्थ. सिनेमात नापास होऊ घातलेल्या मित्राला वाचवायला चोरी होते, आणि तो मित्रही पेपर न बघता फेकून देतो. गुन्हा ठेवला, लोभ काढला. मी आणि माझा रूममेट हा सीन संपल्यावर एकमेकांकडे बघून हसलो होतो, कारण तो पेपर आम्ही दोघांनीही उघडून वाचला असता.

* * *

लेकीला झोपताना 'पिनोकिओ' वाचून दाखवत होते. कोलोदीचं मूळ पुस्तक, १८८३चं, संक्षिप्त नव्हे. तिने सिनेमा पाहिलेला होता, त्यामुळे बोलका रातकिडा आल्यावर ती खूश. "आता हा त्याच्या खिशात राहणार." रातकिडा दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगतो, पिनोकिओ वैतागतो, हातोडा उचलून फेकून मारतो आणि रातकिडा भिंतीला चिकटून मरतो. चौथंच प्रकरण.

"आई, परत वाच."

परत वाचलं.

"म्हणजे मेला?"

"हो."

"याने मारला?"

"हो गं."

मला वाटलं आता रडणार. पण ती उठून बसली आणि म्हणाली, "मग पुढे काय झालं?" असं तिने सिनेमा बघताना एकदाही विचारलं नव्हतं. तिथे तिला सगळं ठाऊकच होतं, बाहुला भोळा आहे, त्याला वाईट लोकांनी फसवलंय आणि टोपीवाला रातकिडा त्याला सांभाळून नेणार.

नंतर वाचलं की १९३८ साली डिस्नीने या सिनेमाचं काम मध्येच थांबवलं होतं. बाहुला काही केल्या आवडेना. मग त्याला गोल गोंडस केला आणि मूळ पुस्तकात हातोडा खाऊन मेलेल्या किड्यालाच बढती देऊन त्याची सदसद्विवेकबुद्धी करून टाकलं. ही युक्ती म्हणून लाजवाब आहे, ते मान्यच. पण आमच्याकडे आता रोज 'खरा पिनोकिओ' वाचायचा हट्ट असतो. 'खरा' हा तिचाच शब्द.

'मेरी पॉपिन्स'चंही असंच. पुस्तकातली (१९३४) बाई तिरसट, तोऱ्यातली, दुकानांच्या काचांत स्वतःचं रूप न्याहाळणारी. १९६४च्या सिनेमात गोड. लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स पहिल्या खेळाला बसून रडल्या, आणि ते आनंदाचे अश्रू नव्हते.

* * *

मी पटकथा लिहितो, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून दोन शब्द.

एका कादंबरीवरच्या मालिकेच्या लेखकगटात मी होतो. कादंबरी कुठली, लिहीत कुणासाठी होतो, ते राहू द्या. नायक सख्ख्या भावाची जमीन लाटतो, एवढं पुरे. कादंबरी 'मी'ने सांगितलेली. तो आपल्याशी बोलतो, स्वतःची समजूत घालतो, त्या समजुतीतली भोकं आपल्याला दिसतात आणि त्यालाही अधूनमधून दिसतात. म्हणून आपण चारशे पानं त्याला सहन करतो, नव्हे, त्याची काळजी करतो. पटकथेत पहिला बळी कुणाचा जातो? त्या बोलण्याचा. मग उरतं काय? भावाचा अंगठा कागदावर टेकवणारा एक माणूस. समोरून बघितला तर निव्वळ हरामखोर.

म्हणजे मवाळ करणं हे पुस्तकातही चालूच असतं, फक्त ते काम आतला आवाज करत असतो. तो काढला की कॅमेऱ्यासमोर नुसतं कृत्य राहतं. ही पोकळी कशाने तरी भरावीच लागते. वाद भरण्याचा नाही, कशाने भरायची याचा आहे.

आमच्या बैठकीत समोरून आलेली सूचना: त्याला आजारी आई द्या. मग: भावाने लहानपणी त्याला फसवलं होतं असं दाखवा. मग: घरात कुत्रा ठेवू या. मी म्हटलं, कादंबरीत तो शेजाऱ्याच्या कुत्र्याला दगड मारतो. म्हणाले, तो प्रसंग तर काढलाच आहे ना?

हसू नका, कारण हे चालतं. 'यू' बघितली असेल. जो गोल्डबर्ग मुलींवर पाळत ठेवतो, खून करतो. कॅरोलाइन केपनीस यांच्या २०१४च्या कादंबरीत तो आपल्या कानात सतत बोलतो आणि ते बोलणं इतकं गलिच्छ आहे की त्याच्या मोहात पडायला वावच नाही. मालिकेत (२०१८) शेजारी पाको नावाचा एक मुलगा आणून ठेवला. आईचा मित्र मारकुटा, पोर जिन्यात बसलेलं, आणि जो त्याला वाचायला पुस्तकं देतो. कादंबरीत हा मुलगा नाहीच. एवढ्या एका पोराच्या जिवावर आपण म्हणायला लागतो, तसा मनाने वाईट नाही हो. शेवटी पेन बॅजली या नटालाच चाहत्यांना सांगत बसावं लागलं की त्याच्या प्रेमात पडू नका, तो खुनी आहे.

'डेक्स्टर' या खुनी नायकाच्या गोष्टीत वेगळी तऱ्हा. पहिल्या कादंबरीत शेवटी भाऊ निसटतो, तोही डेक्स्टरच्या कृपेने. रक्ताची ओढ, आणि तीही दोन खुन्यांमधली. वाचताना अंगावर काटा येतो. मालिकेत तो बहिणीसाठी त्या भावाला संपवतो. म्हणजे घरचा माणूस झाला, आपला झाला.

आतला आवाज न काढता त्याचा उपयोग करता येतो का? येतो. या दोन्ही मालिकांमध्ये तो आवाज आहेच. तरी त्यांना पाको लागला आणि बहीण लागली. यावर माझ्याकडे उत्तर नाही. बहुधा नटाचा चेहराच गडबड करतो. चांगल्या नटाचे डोळे दोन मिनिटं जवळून दाखवा, माणूस कशालाही माफ करतो.

मला मध्येच दुसरं काम मिळालं, मी बाहेर पडलो. मालिका आली. कुत्र्यासकट.

* * *

वरच्या प्रतिसादातल्या कुत्र्यावरून सुरी आठवली.

'गेम ऑफ थ्रोन्स'मधला टिरियन. बापाच्या पलंगावर त्याला त्याची प्रेयसी शे सापडते आणि तो तिचा गळा आवळतो. मालिकेत आधी ती सुरीकडे झेपावते. पुस्तकात सुरी नाही. हात बघा नुसता! एक सेकंद, एक सुरी, आणि खुनाचा झाला स्वसंरक्षणाचा झगडा. शिवाय पुस्तकात त्याने आधी एका गवयाला मारवून त्याचं मांस रश्श्यात घालायला लावलेलं असतं. तोही भाग मालिकेत गायब. नाकही शाबूत ठेवलं, नुसता व्रण दिला. पाचव्या पुस्तकातला टिरियन कडवट, ओंगळ आणि दारूत बुडालेला आहे. मालिकेत तो तोवर सगळ्यांना शहाणपण शिकवायला लागला होता, आणि तिथेच तो मला कंटाळवाणा झाला.

* * *

मी दोन मुलांची आई आहे आणि हे नाव न देता लिहिता येतंय म्हणून लिहिते.

'गॉन विथ द विंड' या सिनेमातल्या (१९३९) स्कार्लेटला एक मुलगी, बॉनी. कादंबरीत (१९३६) तिला तीन मुलं आहेत, प्रत्येक नवऱ्यापासून एक. पहिला वेड, मग एला, मग बॉनी. सिनेमाने पहिली दोन सरळ पुसून टाकली. का, ते वाचल्यावर कळतं. वेड हा घाबरट, आईच्या पदराला धरू बघणारा मुलगा आणि ती त्याच्यावर सतत खेकसते. एलाकडे तर तिचं लक्षच नसतं. युद्ध, भूक, कर्ज, आणि मध्येमध्ये ही पोरं पायात येतात, असं तिला वाटतं आणि मार्गारेट मिचेल ते झाकत नाहीत.

सिनेमातली स्कार्लेट प्रेमात हट्टी, व्यवहारात चतुर. तिचे ते दोष कुणालाही आवडतील. न आवडणारा दोष हा होता आणि तो दोन लेकरांसकट गेला. धाकटा झाल्यानंतरच्या दिवसांत मी हे पुस्तक रात्री पाजता पाजता वाचलं. आई झाल्यावर आपोआप पान्हा फुटतो, माया फुटते, असं सगळे सांगत होते. या बाईला फुटत नव्हती आणि तरी ती ठोकळा नव्हती, राक्षसीण नव्हती. मला त्या वेळी तिचा फार आधार वाटला. सासूबाईंना सिनेमा खूप आवडतो. त्यांच्याशी या विषयावर मी बोलत नाही.

* * *

'हॅरी पॉटर'बद्दल थोडक्यात. सातव्या पुस्तकात मॅकगोनागल बाईंच्या तोंडावर थुंकलेल्या माणसावर हॅरी यातना देणारा शाप वापरतो, आणि तो वापरताना त्याला त्याची चव कळते. सिनेमात हा प्रसंग नाही. मी शाळेत शिकवते. एका तासाला यावर मुलांचा जो वाद पेटला तसा कुठल्याही धड्यावर पेटला नाही. "बाई, त्याने बरोबर केलं." "मग तो आणि ते यांच्यात फरक काय?" ज्यांनी फक्त सिनेमे पाहिले होते ते बिचारे गोंधळून बघत होते.

* * *

माझा अनुभव उलटा आहे.

माझे वडील प्यायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. चांगल्या दिवशी ते माझी सायकल उलटी टेकवून चेन बसवून द्यायचे, हाताला लागलेलं वंगण माझ्या नाकाला पुसायचे. वाईट दिवसांचं लिहीत नाही.

स्टीफन किंग यांचं 'द शायनिंग' (१९७७) लोक भुताचं पुस्तक म्हणून वाचतात. माझ्यासाठी ते सगळं अण्णांबद्दल होतं. जॅक टोरन्सने पिऊन स्वतःच्या लहानग्याचा हात मोडलेला आहे. हाड मोडल्याचा तो आवाज त्याच्या डोक्यातून जात नाही. दारू सोडलीय, पण प्रत्येक पानावर ती त्याच्या दाराशी उभी आहे. तो वाईट आहे, त्याला ते कळतं, आणि त्याचं मुलावर प्रेम आहे. हे तिन्ही एकाच वेळी खरं असतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग कुब्रिकचा सिनेमा (१९८०) पाहिला. इथे कुणी त्याला मवाळ केलं नाही, उलट आतलं माणूसपणच काढून घेतलं. जॅक निकल्सन पहिल्या मुलाखतीच्या प्रसंगातच असा हसतो की हा कामातून गेलेला आहे हे कळतं. पडायला उंचीच नाही, तर पडणार कुठून? हाताची हकीकत आई डॉक्टरला सांगते, तीही सारवासारव करत, आणि तिथे खांदा निखळलेला असतो. पुस्तकात शेवटाकडे, ज्याची तो राखण करतो त्या झपाटलेल्या हॉटेलने पूर्ण गिळलेला बाप क्षणभर शुद्धीवर येतो आणि पोराला पळून जायला सांगतो. तो क्षण सिनेमात नाही. तेवढ्यासाठी मी त्या सिनेमावर अजून रागावलेलो आहे. सिनेमा थोर आहे हे मला कुणी समजावू नये, माहीत आहे.

किंग यांनाही तो आवडला नव्हता. ते स्वतः दारूतून गेलेले. १९९७ साली त्यांनी स्वतः लिहून छोटी मालिका काढली. मी अधाशासारखी मिळवली. तिच्या शेवटी मुलगा मोठा होऊन हायस्कूल पूर्ण करतो आणि मेलेला बाप त्या समारंभात येऊन प्रेमाने बघत उभा! लेखकाने स्वतःच स्वतःच्या माणसाला साखर लावली. मला ते बघवेना. अण्णा माझ्या पदवीला नव्हते, आणि असते तर कुठल्या अवस्थेत असते, ते मला ठाऊक आहे.

* * *

सगळे पुस्तकाची बाजू घेताहेत म्हणून मी पडद्याची घेतो.

'फॉरेस्ट गम्प'. विन्स्टन ग्रूम यांच्या कादंबरीतला (१९८६) गम्प साडेसहा फुटी धिप्पाड, शिव्या देणारा, गांजा ओढणारा, कुस्त्या खेळणारा आहे आणि एका ओरांगउटानबरोबर अंतराळातही जाऊन येतो. हसलो, पण पुस्तक मिटल्यावर त्याची आठवण आली नाही. टॉम हँक्सचा (१९९४) गम्प धुऊन पुसून काढलेला आहे, कबूल. पण बाकावर बसलेला तो माणूस माझ्याबरोबर राहिला. मूळ माणूस ओबडधोबड असतो तेव्हा तो खोलच असतो असं थोडंच आहे?

आणि लेखकही हेच करतात. वर किंग यांचं आलंच. 'द साइन ऑफ फोर'मध्ये (१८९०) शेरलॉक होम्स पहिल्याच पानावर कोकेनची सुई टोचून घेतो. पुढच्या एका कथेत कॉनन डॉइल वॉटसनकडून वदवतात की त्याने हळूहळू ती सवय सोडवली. सिनेमावाल्यांनाच का झोडपायचं?

* * *

'स्लमडॉग मिलियनेअर'चं कुणी कसं लिहिलं नाही?

विकास स्वरूप यांच्या 'क्यू अँड ए' (२००५) या कादंबरीतला मुलगा टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेच्या कार्यक्रमात पैशासाठी जात नाही, प्रेमासाठी तर मुळीच नाही. सूत्रसंचालकाचा सूड घ्यायला जातो, पिस्तूल घेऊन. आधी आगगाडीत त्याने एका दरोडेखोराला गोळी घातलेली असते. सिनेमातला (२००८) जमाल फक्त लतिकाने आपल्याला बघावं म्हणून खुर्चीत बसतो. मग ते पिस्तूल गेलं कुठे? भावाच्या हातात! कादंबरीत सलीम हा मित्र आहे. सिनेमात त्याला थोरला भाऊ केला आणि सगळा राग, सगळं रक्त, सगळी हाव त्याच्याकडे दिली. एक माणूस मधोमध चिरला, स्वच्छ अर्धा नायक झाला आणि घाण अर्धा शेवटी नोटांच्या टबात मेला.

मी घरातला थोरला आहे. धाकट्याला सिनेमा फार आवडला. आम्ही दोघं शेजारी बसून बघत होतो, म्हणून मी काही बोललो नाही.

* * *

'रिप्ली'वाले कुणी आहेत का?

पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या १९५५च्या कादंबरीत टॉम रिप्ली श्रीमंत मित्राचा खून आधी डोक्यात जुळवतो आणि मग होडीत जाऊन करतो. शेवटी तो ग्रीसमध्ये उतरतो, मेलेल्याचे पैसे खोट्या मृत्युपत्राने त्याच्याच झालेले, आणि टॅक्सीवाल्याला सर्वांत चांगल्या हॉटेलात न्यायला सांगतो. शिक्षा नाही, पश्चात्ताप नाही.

हे पडद्याला पचत नाही ते कसं बघा. १९६०च्या फ्रेंच सिनेमात तो सापडतो. १९९९च्या सिनेमात होडीत अपमान, मग झटापट, मग वल्ह्याचा घाव, म्हणजे रागाच्या भरात झालं. शेवटी ज्याच्यावर जीव जडलाय त्यालाच मारावं लागतं आणि तो एकटा रडत बसतो. सापडला नाही, पण भोगलं तरी. २०२४ची काळी-पांढरी मालिका मात्र त्याला जवळपास तसाच थंड ठेवते. प्रेत बुडवायला किती कष्ट पडतात, दोर कसा अडकतो, होडी कशी हातची जाते, ते सगळं सावकाश दाखवत बसते. बायको म्हणाली, "अरे, हा दमला बिचारा." बघा, तिथेही 'बिचारा' निघालाच तोंडातून! त्याला कुणी आई, पोर, कुत्रा काही दिलं नव्हतं. नुसता घाम गाळताना दाखवला होता.

हायस्मिथ यांनी रिप्लीवर एकूण पाच कादंबऱ्या लिहिल्या. मी पहिलीच वाचली आहे. पुढच्यांत तो तसाच राहतो की त्याही मऊ पडल्या? कुणी वाचल्या असतील तर लिहा, पण त्यांचे शेवट फोडू नका.